अधिकातले तेहतीस अनारसे

१८ जुलै २०२३, मंगळवार. सकाळ
अधिक महिना लागला. आजपासून रोजनिशी नियमित. जानेवारीत सुरू केलेली चार दिवसांत बंद पडली, पण त्या वहीचा कागद शाई पीत होता.

मुद्दा असा. वैजू लग्न होऊन बिडकीनला गेली त्याला पाच महिने झाले. पोरीला त्यांनी एकदाही माहेरी पाठवलं नाही. कारण काय, तर लग्नात मी पंगतीच्या जोडीला पास्त्याचा काउंटर ठेवला. व्याही, तात्यासाहेब, भर मांडवात म्हणाले की आमच्या माणसांना तुम्ही चपलेच्या वाद्या उकडून वाढल्या. मी म्हटलं, खायला अक्कल लागते. बस, एवढंच बोललो. त्याचे पाच महिने.

मला काही फरक पडत नाही. घर जरा शांत वाटतं, म्हणून नवनवीन पदार्थ करत असतो इतकंच.

पण अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालावंच लागतं. त्यांचा पहिलाच अधिक. हा हुकला तर पुढचा तीन वर्षांनी. म्हणून ठराव: जावई सोपानरावांना आणि व्याह्यांना सहकुटुंब बोलवायचं आणि सगळं जेवण माझ्या हातचं. तात्यासाहेब आपणहून म्हणतील की चूक आमची होती.

१८ जुलै. संध्याकाळ
किनवा, चिया आणि ब्रोकोली आणली. बायकोचं, आशाचं, म्हणणं, धोंडे मी करणार, पुरण भरून कणकेचे गोळे उकडायला किनवा कशाला लागतो. तिला समजावलं की हे मिलेटचं वर्ष आहे, सरकारनं सांगितलंय. ती म्हणाली सरकारला जेवायला बोलवा.

शेवटी तह. सकाळी स्वयंपाकघर तिचं, दुपारी चारनंतर माझं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, तडजोड कशी करायची ते कळतं.

२३ जुलै, रविवार
किनव्याची खिचडी. तळाला थोडी लागली, पण त्यामुळं स्मोकी फ्लेवर आला. आशाचं पोट नेमकं आज भरलेलं होतं. पातेलंभर शेजारी साळूबाईंकडं पाठवली. पातेलं घासूनपुसून परत आलं. साळूबाई म्हणाल्या, लई पौष्टिक, एक शीतसुद्धा उरलं नाय. दाद द्यायला जाण लागते.

त्यांच्या दोन शेळ्या हल्ली चार वाजले की आपल्या गेटापाशी येऊन उभ्या राहतात. मुक्या जनावरांना मायेचं घर कळतं.

२६ जुलै, बुधवार
बिडकीनला फोन केला. मीच केला, म्हणजे मनाचा मोठेपणा माझा. तात्यासाहेब म्हणाले, येतो, पण सैपाक आशाबाईंनीच केला पाहिजे, तुम्ही चुलीजवळ जायचं नाय. माणूस वरून कडक, आतून काळजीवाहू. माझ्या वयाचा विचार केला.

१३ ऑगस्ट, रविवार ठरला. वैजू फोनवर आली. नाना, तब्येत कशी, विचारलं. मी म्हटलं ब्रोकोलीचं पिठलं केलं होतं. ती म्हणाली, आईला द्या. भरून आलं असणार.

३० जुलै, रविवार
ड्रॅगनफ्रूटची बासुंदी. दूध फाटलं. दूधवाल्याशी बोललं पाहिजे.

ठराव: १३ तारखेपर्यंत एकही नवीन वस्तू आणायची नाही.

३१ जुलै, सोमवार
औरंगपुऱ्याच्या मंडईत झुकिनी दिसली, काकडीसारखी परदेशी भाजी. नुसती हातात घेऊन बघत होतो. विक्रेता म्हणाला, चाचा, लेना है तो लेव, सूंघो मत. आता एवढं बोलल्यावर घेतली नसती तर वाईट दिसलं असतं. ठराव उद्यापासून.

१ ऑगस्ट, मंगळवार
आशानं अनारशांचे तांदूळ भिजत घातले. अधिकात जावयाला वाण द्यायचं ते तेहतीस अनारशांचं. तिच्या अनारशांचं सोयऱ्याधायऱ्यांत नाव आहे. तीस वर्षांत तिचा एकही अनारसा हसलेला नाही. पीठ बिघडलं की अनारसा तुपात पडताच फुटून पसरतो, त्याला बायका हसला म्हणतात. मला हे नाव पटत नाही. पदार्थाच्या बाबतीत शास्त्रीय भाषा पाहिजे.

उद्या ती देवगाव रंगारीला आईकडं चाललीय. मनकर्णाबाईंचा गुडघा धरलाय. शनिवारी परत. मला काम एकच: तांदळाचं पाणी रोज बदलायचं. तीन दिवस. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे तिनं चार वेळा सांगितलं. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला.

२ ऑगस्ट, बुधवार
पाणी बदललं. सोपं आहे.

३ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी चार
तांदळाला आंबूस वास येतोय. आंबणं म्हणजे फर्मेंटेशन. सगळ्या जगात सध्या त्याचंच चाललंय. आणि इथं माझ्या घरात ते आपोआप झालंय.

३ ऑगस्ट. संध्याकाळी सात
तांदळाच्या इडल्या केल्या. आत बीटरूट घातलं. रंग अप्रतिम. इडली मऊ म्हणावी अशी नाही, पण पकड चांगली आहे. सहा साळूबाईंकडं पाठवल्या.

३ ऑगस्ट. साडेसात
अनारशांचे तांदूळ संपले, हे आत्ता लक्षात आलं.

४ ऑगस्ट, शुक्रवार
घाबरायचं कारण नाही. नवे तांदूळ भिजवायला तीन दिवस लागणार आणि आशा उद्या येणार. पण तांदूळच पाहिजेत असं कोणी सांगितलं? निम्मं राळं, निम्मा किनवा, एकाच रात्रीत भिजले. आधुनिक धान्याला तीन दिवस लागत नाहीत. पंख्याखाली वाळवले, मिक्सरला लावले, गूळ किसून घातला. एकजीव व्हावं म्हणून चार चमचे चिया. डबा घट्ट बंद केला. खरं तर ही सुधारणा कोणीतरी आधीच करायला पाहिजे होती.

५ ऑगस्ट, शनिवार
आशा आली. तांदूळ विचारले. मी म्हटलं, तू दमली असशील म्हणून सगळं करून पीठही मुरत ठेवलंय. तिला खरंच वाटेना. मग डब्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्ही केलं? असं तिनं माझ्याकडं किती वर्षांनी बघितलं. डबा उघडू नको म्हटलं, हवा लागेल. तिनं उघडला नाही.

सांगणार होतो. पण बाई इतकी खूश होती, ते मोडायचं कशाला. उद्या सांगू.

६ ऑगस्ट, रविवार
आज तिनं मला आपणहून चहा दिला, त्यात आलं घातलं होतं. त्यामुळं सांगायचं राहिलं.

९ ऑगस्ट, बुधवार
तिनं फोनवर मनकर्णाबाईंना सांगितलं की आमच्या ह्यांनी अनारशांचं पीठ केलं. दोनदा सांगितलं. उद्या नक्की.

१२ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी सहा
आज एकादशी. आशाला उपास. दुपारी कढईत तूप तापवून डबा उघडला. हे काळं काय म्हणाली. मी म्हटलं, काळी खसखस. पहिला अनारसा सोडला आणि तो कढईभर पसरला. दुसराही तसाच. तिनं आच कमी केली, मग वाढवली, पिठात केळं कुस्करून घातलं, जाड थापून बघितलं. एकही टिकला नाही. तुपात नुसता चुरा तरंगत होता.

ती पाट घेऊन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. माझं पीठ बिघडलं असं ती म्हणालीच नाही. म्हणाली, माझाच हात गेला. विहीणबाई काय म्हणतील, वाण मोडलं म्हणतील, आधीच त्यांचा राग, आता पोरीला परत कधी पाठवतील.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं विचारलं, तुम्ही पाणी बदललं होतं ना रोज? मी म्हटलं, बदललं होतं. हे खोटं नाही. पहिल्या दिवशी बदललं होतं.

किराणा दुकानातून तेहतीस बत्तासे आणले. अनारसे नसले तर बत्तासेही चालतात. चुरा बरणीत भरून ठेवला. दुधात घालून खायला बरा आहे. म्हणजे, मी खाल्लेला नाही. छातीत जळजळतंय. उपासाच्या साबुदाण्याचं असेल.

१३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ
आले सगळे. सोपानराव, वैजू, तात्यासाहेब, विहीणबाई सरूबाई. वैजू थोडी वाळलीय. दारातच म्हणाली, नाना, हा वास कशाचा? मी म्हटलं प्रेमाचा. वास ३१ तारखेच्या झुकिनीचा होता.

धोंडे आशाचे. एक वाटी मात्र मी गुपचूप वाढली, किनवा-ब्रोकोलीची कोशिंबीर. धोंड्याच्या ताटात जावयानं काही टाकायचं नसतं. सोपानरावांनी सगळी संपवली. घासागणिक पाणी पीत होते. चवीनं खाणारा माणूस घाई करत नाही.

मग वाण आलं. सरूबाईंनी ताटावरचा रुमाल उचलला आणि बत्तासे बघून म्हणाल्या, अगं बाई, आम्ही तर आशाबाईंच्या अनारशांच्या आशेनं आलो. आशा खाली बघत म्हणाली, यंदा माझा हात बिघडला. वैजू आईकडं बघत होती. तिचा चेहरा पडला.

मग मी बोललो. का बोललो ते सांगता येत नाही. म्हटलं, तिचा हात बिघडलेला नाही, मी बिघडवलं. तांदळाच्या इडल्या केल्या. राळं घातलं, किनवा घातला, चिया घातला आणि तिला सांगितलं नाही. ती काल दिवसभर उपाशी रडत होती, तरी सांगितलं नाही.

तात्यासाहेबांनी विचारलं, चिया म्हणजे काय असतं. मी म्हटलं, सब्जासारखं. ते म्हणाले, अनारशात सब्जा? आणि हसायला लागले. ठसका लागला, सोपानरावांनी पाठ चोळली, तरी थांबेनात. मग सगळेच हसले. वैजू तर भिंतीला टेकून हसत होती. पाच महिन्यांनी या घरात तिचं हसणं ऐकलं. मला एकदम काही दिसेना, म्हणून चष्मा पुसला.

तात्यासाहेब डोळे पुसत म्हणाले, आता त्या पास्त्याचंही खरं सांगून टाका. मी सांगितलं की तो मलाही आवडला नव्हता. त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पाहुणं, हे तवाच म्हटलं असतं तर पोर चार खेपा येऊन गेली असती.

आशा हसली नाही. माझ्याकडं बघत होती.

सरूबाईंनी तोड काढली. त्यांच्याकडं पीठ मुरून तयार आहे. वाण महिन्यातच पडलं पाहिजे. आशाबाईंनी दोन दिवस बिडकीनला यावं, अनारसे तळावेत. परत येताना वैजूला पंचमीसाठी आणावं, आठ दिवस. अट एकच. नानांनी स्वयंपाकघरात जायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सोपानरावांनी सर्वांत जोरात हलवली.

१४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी बारा
पाहुणे रात्री राहिले. सकाळी आशा त्यांच्याबरोबर गेली. मला बोलवलं नाही, कोणीतरी घर सांभाळायला पाहिजे.

शांतपणे विचार केला तर हा सगळा समेट माझ्या प्रयोगांमुळंच झाला. अनारसे नीट झाले असते तर काल सगळे अनारसे खाऊन गेले असते, मनं मोकळी झाली नसती. हे आशाच्या लक्षात येईल. जाताना ती फक्त एवढंच म्हणाली की मला आधी सांगायचं, एकटीला. तिखट बोलली असती तर बरं झालं असतं.

अट पंचमीपासून लागू. म्हणजे दोन दिवस स्वयंपाकघर पूर्ण माझं, सकाळपासून. मेनू: आज थाई करी. उद्या मशरूमची आमटी. वैजू येईल तेव्हा दाखवायला एखादा पदार्थ नक्की जमवायचा. ती खाईल. ती नाही म्हणणार नाही.

१४ ऑगस्ट. संध्याकाळी सात
भाज्या चिरल्या. करीची पूर्ण तयारी केली. शेगडीचं बटण फिरवलं. काडी लावली. परत लावली. सात काड्या गेल्या. वाकून बघितलं तर सिलिंडरवर रेग्युलेटरच नाही.

बिडकीनला फोन केला. आशा म्हणाली, रेग्युलेटर माझ्या पिशवीत आहे. फडताळात दशम्या, चटणी ठेवलीय, दही फ्रिजमध्ये. जेवलात का? मी म्हटलं जेवतो. मागं वैजू काहीतरी बोलत होती, कढई चुरचुरत होती. अनारसे होतायत का विचारलं. होतायत, म्हणाली. आणखी काही विचारणार होतो, पण तिचा हात पिठाचा होता, तिनं फोन ठेवला.

दोन दशम्या, चटणी, दही खाल्लं. सगळं मिठाला बरोबर होतं. लई चांगलं होतं. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.