एका घराची भट्टी

ल्यों, १२ ऑक्टोबर

प्रिय बाबांना नमस्कार.

"एका घरासाठी भट्टी पेटवायची नसते, पोरी," असं तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. तेव्हा गावातली तीस घरं मिळून वर्षभराचा पाव एकदाच भाजायची.

इथे रेशीम गिरणीत माझं बरं चाललंय. बोटं तेवढी दुखतात.

काल फोर्त्युनेकाका भेटले. मेंढ्या विकून, गाव सोडून तेही इथे लेकाकडे राहायला आले. म्हणाले, "वर गावात आता फक्त तुझा बाप आणि त्याची गाढवीण. दोघांत ऐकते ती गाढवीण." मग म्हणाले, "एकटाच भट्टीचं सरपण रचतोय."

खोकला कसा आहे?

तुम्ही नाहीच म्हणणार, तरी लिहिते. घाट बर्फाने बंद होण्याआधी, पावावर उमटवायचा आपल्या घराचा लाकडी शिक्का खिशात घाला आणि माझ्याकडे राहायला या.

तुमची ओझेली