विमानाला मीठ

९ जुलै, बुधवार. सकाळ.
सुनेने, विनिताने, फोनमध्ये सोय करून दिली. माइक दाबायचा, बोलायचं, तो लिहितो. तारीख आपली आपण टाकतो. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी वाचणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. उत्तम. खरं बोलायला मोकळीक.

आज रत्नदीप भरूचला गेला. कंपनीचं मशीन बसवायचंय, सहा आठवडे. माझा मुलगा. वय बावन्न, एमआयडीसीत फिटर, आणि डोंबिवलीत मानपाड्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत विमान बनवतो. दोन माणसांचं. सहा वर्षं, दर रविवारी. अजून पंख एकच झालाय, तोही उघडा, बरगड्या दिसतात. कावळ्याच्या पिल्लाला हेच काम सहा आठवड्यांत जमतं, ड्रॉइंगशिवाय.

२३ ऑगस्टला तपासनीस येणार. पंख आतून बघणार. पास केला तर वरून पत्रा मारून बंद करायचा. नापास केला तर सहा वर्षांचे रविवार गेले. जाताना पाया पडून तीन गोष्टी सांगितल्या. मागच्या खोलीतल्या मशीनची बादली रोज ओत. मशीन बंद करू नकोस. आणि कशाला हात लावू नकोस. कशालाच, आई, असं दोनदा म्हणाला.

हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

१० जुलै, गुरुवार.
मशीन म्हणजे एक पांढरं खोकं. हवेतलं पाणी ओढतं आणि बादलीत सोडतं. मार्विनने आणलं. मार्विन म्हणजे रत्नदीपचा दोस्त, घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. अर्धं विमान त्याचं. कुठलं अर्धं, ते दोघांनाही माहीत नसावं.

सकाळी बादली ओतली, संध्याकाळी परत भरली. अख्खा पाऊस डोंबिवलीवर पडतोय आणि हे खोकं तो बादलीत गोळा करणार. करू दे.

पंखाच्या मधोमध लांब अ‍ॅल्युमिनियमचा कणा आहे. त्याला तेल फासलंय. वर प्लास्टिक. आत निळ्या गोळ्यांच्या पिशव्या, ओल आली की गुलाबी होतात. भिंतीवर घड्याळासारखी डबी. काटा हिरव्यात असला की हवा कोरडी, लालात गेला की ओल. ओल आली हे कळायला डबी लागते! माझ्या गुडघ्याला विचारा की.

निश्चय: हात लावायचा नाही.

१४ जुलै, सोमवार.
गोळ्या गुलाबी. पाच दिवस टिकल्या. मार्विनला फोन केला. म्हणाला, मावशी, काही नाही, ओव्हनमध्ये गरम करा, परत निळ्या होतील. बरं म्हटलं आणि फेकून दिल्या. जी वस्तू थोड्याशा पाण्याने रंग बदलते, तिच्या जिवावर मी विमान ठेवू?

फेकणं म्हणजे हात लावणं नव्हे. उलट.

आता जबाबदारी माझ्यावर आली. माझा बाप कोलशेतच्या खाडीवर मिठागरात राबला. ओल म्हणजे काय, हे मला शिकवायला एकविसाव्या मजल्यावरून कुणी यायला नको. पावसात आम्ही मिठाची रास गवताने शाकारून ठेवायचो. का? मीठ हवेतलं पाणी पितं म्हणून. मग खोलीत मीठ ठेवलं की ते पाणी पिणार, विमान कोरडं राहणार. मशीन नको, गोळ्या नकोत, बादली नको. इतकं सोपं. पण इंजिनियर लोकांना सोपं सुचलं तर त्यांची पदवी काढून घेत असतील.

१६ जुलै, बुधवार.
भिवा वाण्याकडून दहा किलो खडे मीठ मागवलं. म्हणाला, आजी, लोणच्याचा मोसम संपला, एवढं मीठ कशाला? म्हटलं, विमानाला. म्हणाला, बारीक देऊ का जाडं? त्या माणसाला कशाचंच आश्चर्य नाही.

जुन्या लुगड्याच्या सत्तावीस पुरचुंड्या केल्या. हात पोचला तिथवर बरगडी बरगडीला दोन-दोन, तीन-तीन बांधल्या. उरलेलं मीठ कण्याच्या खाचेत सरळ ओतलं, जसं पापलेटच्या पोटात भरतो.

शेजारची मंजुळा बघायला आली. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचं तिला व्यसन. म्हणाली, गंगे, मीठ धातूला खातं ना गो? तुझ्या बापाकडे फावडीसुद्धा लाकडाची होती. म्हटलं, ते लोखंडाला खातं. हे अ‍ॅल्युमिनियम. चाळीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात मीठ घालून कालवण करते, टोपाला काय झालं? म्हणाली, तळाला भोकं पडली म्हणून तू त्यात तुळस लावलीस की. तो टोप जुना होता. मंजुळाला जुनं आणि खराब यातला फरक कधी कळला नाही. तिच्या नवऱ्यावरून दिसतंच.

२० जुलै, रविवार.
प्लास्टिक काढलं. प्लास्टिकमध्ये कुठली वस्तू टिकते? भाकरीसुद्धा टिकत नाही. हवा लागली पाहिजे.

तेलाला मुंग्या येतील. म्हणजे आल्या नाहीत अजून, पण येतील. राखेने घासून काढलं. कणा असा लखलखला की तोंड दिसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी स्वच्छता केली.

मशीन दुपारी सीरियलपुरतं बंद ठेवते. घुर्र घुर्र चालू असतं, नायिकेचं रडणं ऐकू येत नाही.

२३ जुलै, बुधवार.
मशीन झोपेपुरतं पण बंद ठेवते.

२५ जुलै, शुक्रवार.
श्रावण लागला. मशीन बंदच आहे. सारखं चालू-बंद केल्याने यंत्र बिघडतं, हे मला रत्नदीपनेच सांगितलंय. पंख्याबद्दल सांगितलं होतं, पण यंत्र ते यंत्र.

विनिता सकाळी सातला ऑफिसला जाते, रात्री नऊला येते. चपला काढता काढता विचारते, आई, बादली ओतली? ओतली म्हणते. बादली रिकामी आहे म्हणजे कुणीतरी ओतलेलीच असणार.

२७ जुलै, रविवार. दुपारी बारा.
मार्विन पंख बघायला निघाला होता. दोन तास झाले, अजून घोडबंदर रोडलाच. ह्यांना उडायचंय. गाडीतून व्हिडिओ कॉल केला. मावशी, जरा काटा दाखवा.

काटा लालात होता. पार टोकाला. म्हटलं थांब, रेंज नाही. डबी भिंतीवरून काढली, गॅसच्या शेगडीजवळ धरली. हळूहळू हिरव्यात आला बिचारा. गारठा बाधला होता त्याला. मग दाखवला. मार्विन म्हणाला, वा मावशी, या हवेत पंचेचाळीस टक्के! करता काय तुम्ही? म्हटलं, लक्ष देते.

तिथूनच मागे फिरला. बरं झालं. आला असता तर उगाच सल्ले दिले असते.

डबी आता शेगडीजवळच ठेवली आहे. तिथे तिची तब्येत चांगली राहते.

५ ऑगस्ट, मंगळवार.
यश! पुरचुंड्या ठिबकायला लागल्या. मीठ पाणी ओढतंय, डोळ्यांनी दिसतंय. खाली कणा ओला झाला होता, पदराने पुसला. थोडं ओघळणारच. घाम आल्याशिवाय कष्ट होत नाहीत.

भिवाकडून आणखी दहा किलो मागवलं. म्हणाला, आजी, अजून किती विमानं आहेत?

१४ ऑगस्ट, गुरुवार.
कण्यावर पांढरी भुकटी आली आहे. बरगड्यांवर पण, फोड आल्यासारखी. जीभ लावून बघितली. खारट, जरा तुरट. म्हणजे मुरलं. बोंबलाला मीठ नीट मुरलं की असंच फुलतं, आणि मग तो वर्षभर कुठे जात नाही.

मंजुळा म्हणाली, गंगे, मला लक्षण बरं दिसत नाही. तिला आयुष्यात कधी बरं लक्षण दिसलंय?

रत्नदीपचा फोन आला होता. आई, पंख कसा आहे? म्हटलं, ओळखणार नाहीस.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ.
रत्नदीप आला. पाया पडला आणि बॅग न ठेवता मागे गेला. बराच वेळ आवाज नाही. खूश झाला असणार. पुरुषांना खुशी दाखवता येत नाही.

मग बाहेर आला. आई, मशीन कधीपासून बंद आहे? म्हटलं, दमलं होतं रे. परत आत गेला. ब्रशने घासल्याचा आवाज येतोय. मी आधीच घासलं होतं, हे सांगायला गेले तर म्हणाला, आई, तू झोप.

अजून सात वाजलेत.

२३ ऑगस्ट, शनिवार.
तपासनीस आला. पोरगेलासा, कपाळाला बॅटरी बांधलेली. मार्विन वेळेवर आला, पहाटे निघाला असेल.

त्या पोराने आधी कण्याच्या खाचेत बोट फिरवलं, भुकटी झटकली, टोचणीने टोचून बघितलं. टोचणी आत गेली. मग दुसऱ्या जागी. तिथेही गेली. विचारलं, हे समुद्रकाठी ठेवलं होतं का? मग मीच पुढे झाले. मीठ कसं पाणी पितं ते समजावून सांगितलं. बापाचं मिठागर, गवताचं शाकारणं, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाला, बरोबर आहे आजी. पण प्यायलेलं पाणी मग गेलं कुठे?

असले प्रश्न विचारायला ह्यांना पगार मिळतो.

मुख्य कणा बाद. बरगड्या अकरा बाद. वरच्या चार वाचल्या, तिथे माझा हात पोचला नव्हता. मार्विन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, अरे, पंखच ना, दुसरा करता येईल. तपासनीसाने चहा तेवढा घेतला. साखर कमी म्हणाला.

२५ ऑगस्ट, सोमवार.
उरलेलं विमान टेम्पोत घालून मार्विनकडे गेलं. मागची खोली रिकामी. रत्नदीपने ती स्वतः धुतली, तीन वेळा.

ओरडला नाही. मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. एक, तुम्ही गोळ्याच नासक्या आणल्यात. दोन, मशीनचा दोष. तीन, विनिताने लक्ष ठेवायला हवं होतं. त्याने एकही मागितलं नाही. जेवला, ताट धुतलं, उद्या गणपतीची आरास करू म्हणाला. मला ओरडणारी माणसं बरी वाटतात. उलट काय बोलायचं ते कळतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
विमानाची एक वही असते म्हणे. काय बनवलं, काय बिघडलं, का बिघडलं, सगळं सहीनिशी लिहावं लागतं. टेबलावर उघडी होती. रत्नदीप बाजारात मखर आणायला गेलेला. विनिताला म्हटलं, वाच. नको आई, म्हणाली. वाच म्हटलं. माझे काय वाभाडे काढलेत ते ऐकू तरी दे.

तिने वाचलं. मुख्य कणा आणि अकरा बरगड्या बाद. कारण, क्षार लागून धातू खाल्ला गेला. साठवणुकीत हलगर्जीपणा. जबाबदार, मी. खाली रत्नदीपची सही.

म्हटलं, मी म्हणजे कोण? म्हणाली, ते स्वतः. म्हटलं, आणि मीठ? मीठ कुणी ठेवलं ते? म्हणाली, तसं काही लिहिलेलं नाही. म्हटलं, पुढचं पान बघ. पुढचं पान कोरं होतं. मागची बघ. तिने सहा वर्षांची पानं चाळली. माझं नाव कुठेच नाही.

म्हटलं, मग तू लिही. पेन घे. ती म्हणाली, आई, त्या वहीत दुसऱ्या कुणी लिहायचं नसतं.

म्हणून इथे सांगते. मीठ मी ठेवलं.

सत्तावीस पुरचुंड्या. एकीचीही गाठ सुटली नव्हती.