तिसऱ्या छिद्रातली वायर

आष्टी, ता. परतूर
१८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कल्याणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू अक्षूच्या फोनवर जे बोलतीस ते ती मला खाणाखुणा करून सांगती, पण निम्मं गाळती असा माझा संशय आहे. कापसाच्या जिनिंगच्या मशिनींनी माझे कान नेले, डोळे ठेवले, हे बरं केलं. तुझं अक्षर वाचलं की तू ओट्यावर बसून बोलून राह्यलीस असं वाटतं. म्हणून फोन असला तरी पत्र सोडू नको.

आता आमच्या घरचा वाद ऐक. लेकीला, अक्षूला, कॉम्प्युटर पाहिजे. बीसीएचं दुसरं वर्ष चालू आहे, अभ्यासाला होईल म्हणती, पण हे म्हणताना तोंड दुसरीकडं करती. खरं कारण खेळ. लातूर, बीड, कुठकुठल्या पोरींसोबत ती मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळती. दिवाळीनंतर त्यांची स्पर्धा आहे आन् ती कॉम्प्युटरवरच खेळावी लागती म्हणे. मी पाटीवर लिहून दिलं, चल, जालन्याहून तयार डबा आणू, बटण दाबलं की चालू. तर अक्षूनं त्याच पाटीवर मला शिकवलं, की तयार मशिनीत दुकानदार वरून रंगीत आन् आतून हलकं घालतो. एकएक भाग आपण निवडून जोडला तर तेवढ्याच पैशात दुप्पट पळतं, आन् पुढं जुना भाग काढून नवा घालता येतो. मी तुझ्या वहिनीकडं बघितलं. तर वहिनीचा निकाल असा, की तयार ब्लाउज आन् मापाचा ब्लाउज यातला फरक ज्याला कळत न्हाई त्यानं मधी बोलू नये. मंग मी पाटी पुसली.

तू आयटीआयमधी पोरांना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवतीस, तर काय ते तूच ठरव. मी सध्या मायलेकींच्या पक्षात जाऊन बसलोय, कारण जेवण तिकडंच मिळतं.

सोमेश्वररावांना नमस्कार सांग. जीव लावतीस तसा लावत राहा.

तुझा,
दादा


जालना
२५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि ब्लाउजपाशी येऊन इतकी हसले की कारण विचारायला दोघी-तिघी जमा झाल्या. पुष्पावहिनींना सांगा, हा निकाल आमच्याकडे सगळ्यांना मान्य झाला.

तरी माझं मत तयार मशीनच्या बाजूने आहे. बिघडलं तर एकाच दुकानाच्या दारात जाऊन भांडता येतं. सुटे भाग जोडले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवतो. अक्षूचं म्हणणं खोटं नाही, त्या खेळासाठी तिचाच हिशोब बरोबर आहे. पण जोडणाऱ्यांचा एक दोष मी पाहिला आहे. दिसणाऱ्या भागांवर सगळा जीव ओततात आणि न दिसणाऱ्या पॉवर सप्लायवर काटकसर करतात. घरातून येणारी वीज त्यातूनच मशीनला मिळते. जोडायचंच असेल तर तिथे हात आखडू नका. ग्राफिक कार्ड जुनं घेतलं तरी चालेल, पण समोर चालवून दाखवल्याशिवाय नाही.

खरं सांगू, मला मशीनपेक्षा घराची काळजी वाटते. आपल्या घरच्या बोर्डांना तीन छिद्रं आहेत, पण तिसरं नुसतं शोभेचं आहे. त्यात वायरच नाही. मिक्सर, टीव्ही चालला, म्हणून कोणाला गरज वाटली नाही. हे लोखंडी पत्र्याचं खोकं आहे, त्याला सारखा हात लागणार. अर्थिंग केल्याशिवाय ते लावू नका. वहिनी अनवाणी, ओल्या फरशीवर वावरतात, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही म्हणाल, झाला हिचा मास्तरीणपणा सुरू. काय करू? घरचा फ्रिज उघडतानासुद्धा मी आधी पालथ्या हाताने दार चाचपते. विजेने हात आखडला तर तो दारापासून लांब जावा, मूठ आवळून चिकटू नये म्हणून. हे हसतात. मलाही कधीकधी वाटतं, इतकी वर्षं हेच शिकवून मी घरातल्या वस्तूंवरचा विश्वास घालवून बसले आहे.

अर्थिंग तेवढं करून घ्या. माझ्यावरची माया कोरडी पडू देऊ नका.

तुमची,
कल्याणी


आष्टी
१५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
अक्षताचा सा. न. वि. वि.

आत्या, मशीन चालू झालं! तू म्हणालीस तसा पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला, त्यासाठी रंगीत पंख्यांचा मोठा संच सोडला, एकच पंखा घेतला. कार्ड संभाजीनगरहून जुनं आणलं. दुकानदार चालवून दाखवायला का कू करत होता. पप्पांना त्याचं ऐकू येत नव्हतं, ते नुसते त्याच्या तोंडाकडं बघत उभे राह्यले, मंग त्यानंच घाबरून लावून दाखवलं.

पलंगावर चादर टाकून मी आणि आईनं जोडलं. आईनं स्क्रू हळदीकुंकवाच्या डबीत ठेवले होते. प्रोसेसर बसवताना मी दोनदा हात मागं घेतला, तर ती म्हणाली, सुईत दोरा घालताना श्वास धरतो तसा धर. बसला बराबर. पहिल्यांदा स्क्रीन लागली तेव्हा ती माझ्याआधी रडली आणि मंग म्हणाली कांदा चिरत होते.

एक भानगड झाली होती, पण मिटली. बाहेरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. आई म्हणाली, मशिनीत जीव आहे. पप्पांनी मात्र तुझं पत्र काढून माझ्यासमोर धरलं, की अर्थिंग न्हाई तर मशीन न्हाई, उद्या परत. मी जेवलेच न्हाई. मंग पप्पाच जाऊन गल्लीतल्या तातेरावकाकांना घेऊन आले. काका सगळ्यांच्या घरची वायरिंग करतात. पप्पांनी सांगितलं, अंगणात खड्डा खणायचा तर खणा, पण बहिणीनं लिहिलंय तसं झालं पाहिजे. काका म्हणाले, खड्ड्याचा खर्चा कशाला, पावसात चिखल होईल. त्यांनी बोर्ड उघडला आणि न्यूट्रलच्या वायरीतून एक बारका तुकडा तिसऱ्या छिद्राला जोडून दिला. मुंग्या बंद! टेस्टर लावून दाखवला, पेटला न्हाई. एक्स्टेन्शनवर अर्थिंगचा हिरवा दिवा असतो ना, तो पण लागला. पप्पा इतके खूश झाले की काकांना जेवायलाच बसवलं. ते म्हणतात, आत्याला लिही, तिच्या मनासारखं झालं, आता निवांत झोप म्हणावं.

आणि खेळ! हेडफोन लावला तर समोरच्याच्या पायांचा आवाज येतो, तो कोणत्या भिंतीमागं आहे ते कळतं. मोबाइलवर मी आंधळीच होते.

आईनं ठरवलंय, यंदा खंडेनवमीला शिलाई मशीनच्या आधी या मशिनीची पूजा. स्वतः पुसून काढणार आहे. मी म्हणलं, पूजेच्या वेळी मशिनीतला दिवा लागलेला ठेवू, छान दिसतो.

सोमेश्वरमामांना नमस्कार. अशीच लाडाची भाची ठेव.

तुझी,
अक्षू


जालना
२३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच, वाचून पूर्ण होण्याआधी, उठा आणि मशीनची वायर बोर्डातून उपसून काढा. बटण बंद करून भागणार नाही, तिसऱ्या छिद्रावर बटण चालत नाही. पिन बाहेर काढा. मग पुढचं वाचा.

अक्षूचं पत्र काल घटस्थापनेच्या दिवशी हातात पडलं. तेव्हापासून तिचा फोन लावते आहे, लागत नाही. तातेरावांचाही नाही. पेपरात आहे की तुमच्याकडे वादळात खांब आडवे झालेत, टॉवर बंद आहेत. आज सकाळी स्टँडवर जाऊन आले. पुलावरून पाणी आहे, परतूरच्या पुढे गाडी सोडत नाहीत. म्हणून लिहिते. पोस्टाची गाडी तरी निघेल.

दादा, तातेरावांनी केलं ते अर्थिंग नाही. बोर्डाला दोन वायरी येतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. त्यांनी ती परतीची वायर मशीनच्या पत्र्याला जोडली. सध्या ती थंड आहे, म्हणून मुंग्या थांबल्या आणि टेस्टर पेटला नाही. पण खांबावर या दोन वायरींची अदलाबदल झाली, तर तो सगळा पत्रा विजेला जोडला जाईल. पंखे फिरतील, दिवे लागतील, फ्यूज उडणार नाही. घरात कोणाला काही वेगळं दिसणार नाही. हात लागेपर्यंत.

लाइट गेलेली आहे तोवर मला भीती नाही. मला भीती लाइट येईल तेव्हाची आहे. खांब उभे करताना घाई असते, अंधारात बसलेली माणसं खाली उभी राहून ओरडत असतात. कोणती वायर कुठे होती हे कोण बघतं?

जाफराबादकडचा एक मुलगा माझ्याकडे शिकतो. त्याच्या काकूंचं असंच झालं. नवं लोखंडी कपाट होतं, असंच जोडलेल्या फ्रिजला टेकलेलं; त्यांनी कपाटाला हात लावला आणि त्या गेल्या. तो मुलगा वर्गात सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण हा धडा आला की खाली बघतो. मी तो धडा दरवर्षी शिकवते, आणि माझ्याच भावाला नुसतं "अर्थिंग करा" एवढंच लिहून मोकळी झाले. मीठ-कोळसा घालून खड्डा, त्यात पाइप, तिथून वेगळी वायर, हे चार शब्द लिहायचा मला कंटाळा आला होता का? तुम्ही माझा शब्द पाळायला गेलात, दादा. तुम्ही पाळला नसता तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतं आहे.

अक्षूला सांगा, तिच्या मशीनमध्ये काही खोट नाही. तयार आणलं असतं तरी हेच झालं असतं. स्पर्धा चुकणार नाही, खड्डा मी स्वतः येऊन घालते. गाडी सुरू होईल त्या दिवशी पहिल्या गाडीने निघते.

वहिनींना त्या खोलीत ओल्या हाताने जाऊ देऊ नका. एवढं ऐका. रागावलात तरी चालेल, पण मला तुमच्यातलीच समजा.

तुमची,
कल्याणी


आष्टी
३० सप्टेंबर २०२५

चि. सौ. कल्याणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. तू काळजीनं वाळली असशील. पोस्टमन पाऊस लागल्यापासून इकडं फिरकला न्हाई. तुझं पत्र निघालं असल तर परतूरला पडून असल. गाडी उद्यापासून सुरू होणार असं ऐकलं, म्हणजे वाचलं, अक्षूनं पाटीवर लिहिलं. हे पत्र त्याच गाडीच्या कंडक्टरजवळ देतो.

घराला काही झालं न्हाई, पण कोपऱ्यावरचा लिंब खांबावर पडला आन् गल्लीभर वायरींचा गुंता झाला. खांब लाइनमननं उभा केला, वरची लाइन ओढून दिली. पण त्याच्यामागं दहा गावं. म्हणून घराघरांच्या वायरी तातेरावानंच चढून जोडल्या. मी खाली शिडी धरून होतो. आमच्या वायरीपाशी तो जरा अडला. दोन्ही टोकं काळी, कोणतं कुठून सुटलं कळंना. मंग त्यानं वरून हात हलवला आन् जोडून टाकलं. खाली येऊन मला लिहून दाखवलं, दिवा लागला की बराबर समजायचं. तुझ्यासारखं शिकलेला न्हाई, पण माणूस जीव धोक्यात घालून काम करतो. त्याला उद्या पूजेला बोलावलंय.

खरं तर तुझे आभार मानायचे होते. मशीन आलं तेव्हा मला पण वाटलं होतं, कशाला उगीच अर्थिंग-बिर्थिंग. पण तू लिहिलंस म्हणून हट्ट धरला. आता त्याच्याकडं बघितलं की मन शांत राहतं, की कल्याणीनं सांगितलं ते केलं. आई-अण्णांमागं माझी काळजी करणारी तूच. मी तोंडानं कधी बोललो न्हाई.

अक्षूचे लाइट नसल्याचे दिवस लई वाईट गेले. बंद मशिनीसमोर बसून हवेत बोटं चालवायची. तिची आई म्हणाली, थांब, नवमीला उठवू त्याला. तेव्हापासून तिनं कोणाला हात लावू दिला न्हाई, पिनसुद्धा बोर्डात तशीच आहे. उद्या पहाटं न्हाऊन, ओल्या कपड्यांनीच, ओल्या फडक्यानं ते पुसायचं, मंग हळदकुंकू, झेंडूची माळ. पहिला हात तिचा, असं तिनं बजावलंय. मायलेकींनी आत्ताच ती खोली धुऊन काढली, फरशी अजून ओली आहे. मला दारातच थांबवलं.

तू असतीस तर बरं झालं असतं. सोमेश्वररावांना दसऱ्याचा नमस्कार. आमच्यावरचा जीव असाच असू दे.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट बंद करताना लाइट आली. गल्ली ओरडली असल, मला नुसता उजेड दिसला. पंखा बराबर फिरून राह्यला, सगळे दिवे लागले, तातेराव जिंकला. अक्षूनं फोन चार्जिंगला लावलाय. लगेच तुला लावत होती, पण आई म्हणाली, उद्या सकाळी पूजा झाली की मंग निवांत बोलू.