जुई कुणाची?

३ फेब्रु., मंगळ.
शाळेतून आले, मोबाईल उघडला तर मंडळात भांडण. मंडळ म्हणजे आमच्या त्या ऑनलाइन शेतीच्या खेळातले सोलापूरकडचे लोक. मंद्रूपची शीतल नवीनच आलीय. तिचा आवाज चढलेला. "मी राबून नीळ पिकवते, आन् हितं कुणीतरी दोन आयडी काढून सवताच सवताला मातीमोल दरानं इकतंय. त्यानं बाजार पडतोय. माझी नीळ कोण घेणार? हे बरं न्हाय की."
खरं आहे तिचं. मंडळ जावेदभाई चालवतात, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, नियम करून टाकू. लिहायचं काम माझ्या गळ्यात. शाळेच्या नोटिसा मीच लिहिते ना!

५ फेब्रु., गुरु.
मसुदा झाला. दोन आयडी असतील तर सांगायच्या, लपवलेली सापडली तर बंद. आपल्याच दोन आयडींत थेट देवघेव नाही, माल उघड्या बाजारात, चालू दरानं. मत माणशी एक.
"माणशी" लिहिलं आणि हात थांबला. हाच खेळ कॉलेजात असताना मैत्रीण पद्मा आणि मी दोघी मिळून खेळायचो, नेट कॅफेत एका खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसून. माउस तिच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे. कॉलेज सुटलं की नवी पेठेतला तो अंधारा जिना, दाराशी चपलांचा ढीग. पद्माच्या ओढणीला सुताचा वास असायचा, घरी माग होते. तिची आई तेलुगूत तिला ओरडायची आणि मीही मान खाली घालून ऐकायचे.
माझ्या तेव्हाच्या आयडीचं नाव जुई. लग्न होऊन माढ्याला गेले, खेळ सुटला, पासवर्डही विसरला. सोलापूरला परत आल्यावर, दिवाळीत पद्मानंच मंडळात घेतलं. तेव्हा नवी आयडी काढली. जुईचा विषय निघाला नाही.

८ फेब्रु., रवि.
जावेदभाईंचा फोन. "दीदी, ती स्वस्तात विकणारी दुसरी आयडी सापडली. पद्माताईंचीच. नाव जुई."
हातातली मेथी तशीच राहिली.
मी म्हटलं, लगेच बंद करू नका.
"दीदी, रूल सबको एकीच रहना ना."
हो. मीच लिहिलाय.

११ फेब्रु., बुध.
पद्माकडे गेले. मागांची खोली आता भाड्यानं दिलीय. चहा झाला. मग तीच बोलली.
"तुझा पासवर्ड मला पाठ होता की. शेत सुकलं असतं गं. नुसतं पाणी घालायचे."
"एवढी वर्षं?"
"सवय लागली. मग पीक यायला लागलं, टाकू कुठं? माझ्याच आयडीवर स्वस्तात घेत गेले."
"मी परत आले तेव्हा सांगायचंस."
"तूच म्हणालीस ना, कंटाळा आला म्हणून सोडलं होतं. मग काय सांगू?"
म्हणाले असेन. माढ्याचं काही बोलायचं नव्हतं, म्हणून काहीतरी...
शीतलचं नुकसान झालं हे तिनं कबूल केलं. "चुकलंच. तिची माफी मागते. पण जुईला बंद नको गं करू."
पासवर्ड सांगितला. आमच्या दोघींचे कॉलेजचे रोल नंबर, जोडून. ऐकल्यावर आठवला.

१२ फेब्रु., गुरु.
मंडळात सगळं सांगून टाकलं. जुई बंद करायची का, यात मी मत देणार नाही, हेही. पद्मानं शीतलची माफी मागितली. शीतल म्हणाली, "ताई, शेत तुमचं हाय तर तुमीच चालवा. पण मग तुमच्या बी दोन आयडी झाल्या की."
खरंच की! जावेदभाई म्हणाले, सांगितलेल्या दोन चालतात, पण नियम लिहिणारीच्याच दोन नकोत; एक ठेवा, एक सोडा. तोवर तुम्ही आणि पद्माताई, देवघेव बंद.
नव्या आयडीवर शीतलबरोबर भागीत घेतलेली जमीन आहे. ती सोडली तर पोरगी एकटी पडते. तिनं हे बोलून दाखवलं नाही. मला मात्र दिवसभर तेच.

१४ फेब्रु., शनि.
दुपारी जुई उघडली. घर तेच, मी निवडलेलं निळ्या दाराचं. शेत मात्र ओळखू येईना. मी सोडलं तेव्हा चार वाफे होते. आता पार नदीपर्यंत नीळ, बांधावर झाडं. हे माझं कसं म्हणू? लावलं सगळं तिनं.
बघत बसले तर पद्मा आली. खेळातली, लाल लुगड्यातली. कुंपणापाशी थांबली. तिला काही देता येईना, मलाही. तिचा मेसेज आला, "ठेवणार का हिला?"
"ठेवते" लिहिलं. पुसलं. "शीतल एकटी पडेल" लिहिलं, तेही पुसलं.
ती गेली नाही. मीही लॉगआउट केलं नाही. कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो, बराच वेळ.