बोरीच्या बाजारातली फणी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. लोक अजून म्हणतात, तुमच्यासारखी फणी जिल्ह्यात कुणी केली नाही. खरं आहे ते. लाकडी फणीचे दाते मोडायचे, लिखा केसांतच राहायच्या. तुम्ही सायकलचे जुने स्पोक कानशीनं घासून सुईसारखे बारीक केलेत, सागाच्या मुठीत ओळीनं बसवलेत. वर्षभर दुसरं काही सुचत नव्हतं तुम्हाला. पण ती फणी खपली ती माझ्या डोक्यावर.

बोरी अरबचा बाजार. मी नऊ वर्षांची. तुम्ही मला स्टुलावर बसवता, मांडीवर पांढरं फडकं पसरता आणि केसांतून फणी ओढता. उवा फडक्यावर पडून वळवळतात. बाया वाकून बघतात, माझ्या वर्गातल्या पोरी नाक धरून हसतात. आई आठवडाभर विनवत होती, पोरीचं डोकं चिघळलं, करंजीचं तेल लावू द्या. तुम्ही तिला हात लावू दिला नाहीत. म्हणालात, "बाजार होऊ दे. उवाच नसल्या तं लोकायले दाखवू काय?"

नागपूरहून दीक्षा घेऊन आलात तेव्हा तुम्हीच मला जवळ घेऊन म्हणाला होतात, "आता तुले कोणी येगळं बसवणार नाही." बाजारानंतर मास्तरांनी मला दाराशी, पोत्यावर एकटीला बसवलं. उवांमुळे, म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं, तर तुमच्या हातातली कानस थांबलीसुद्धा नाही.

पुढच्या बाजाराच्या सकाळी मी आईच्या कात्रीनं केस मुळापासून कापले. तुम्ही मारलं नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलंत, स्टूल उचललंत आणि सहा वर्षांच्या धाकटीचा हात धरलात. "चाल, माय."

दोन वर्षं ती त्या स्टुलावर बसली. पुढे तुमचा कारखाना झाला, फण्या पार वणीपर्यंत गेल्या. धाकटीनं मात्र जन्मभर कुणाला केसांना हात लावू दिला नाही, नवऱ्यालाही नाही. ती गेली तेव्हा तिची वेणी मी घातली, आणि तेव्हाही तुम्हालाच शिव्या दिल्या.

हे पत्र कुठे पाठवणार आहे मी? म्हणून लिहूनच टाकते. त्या सकाळी कात्री हातात घेतली, तेव्हा माझ्यानंतर कुणाची पाळी येणार, हे मला माहीत होतं.