नहाणाच्या पाटाचे कलम

मी, उत्तरेश्वर माणिकराव पांचाळ, वय चोपन्न, धंदा सुतारकाम, राहणार तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच एक चौकट बसवली. कुणीही गुण्या लावून काटकोन तपासावा.

१. राहते घर पत्नी सौ. सत्यभामा हिचे.

२. हत्यारे धाकटा भाऊ रणधीर याला द्यावीत. लाकूड जोडायला मी घरीच केलेल्या गोंदाला तो आजही पिठलं म्हणतो, सबब बारीक पटाशी वगळली आहे.

३. सदर गोंद मी कातड्याचा सरस किंवा कारखान्याचे रसायन न वापरता, चिंचोके व सोयाबीनच्या पेंडीपासून केला. त्याची कृती व सर्व हक्क सत्यभामेचे. कुणी न शिकवता मी एकट्याने हे साधले, असे सांगत आलो. त्यात ही दुरुस्ती.

पहिला गोंद नुसत्या चिंचोक्याचा होता. कोरड्यात दगड. मुलगी शिवांजली हिच्या हळदीला नहाणाचा पाट मी त्यानेच जोडला, एकही खिळा न मारता. आदल्या दिवशी सत्यभामा म्हणाली, "नहाणाचा पाट हाय, आधी पाण्यात ठिवून बघा." तू चूल बघ, असे मी म्हणालो.

दुसऱ्या तांब्यालाच पाट उकलला. पोरगी ओल्या अंगानं फरशीवर बसली, सासरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तेव्हा मी सगळ्यांदेखत बोललो, "हिनं चिंचोके जाड दळले." पीठ मैद्यासारखं होतं. मला, सत्यभामेला, पोरीला, तिघांनाही ते ठाऊक होतं. शिवांजली माहेरी आली की अजून भुईवर बसून जेवते. पाट घेत नाही.

पुढे नव्या गोंदाला सोयाबीनची पेंड घेतली, तिच्यात चुन्याची निवळी घालायचं सत्यभामेनंच सुचवलं. आता जोड पाण्यात सुटत नाही.

४. त्याच फळ्या नव्या गोंदाने जोडल्या आहेत. तो पाट माझ्या पश्चात शिवांजलीला द्यावा व कलम तीन तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

५. हे कलम मागाहून वाढवले. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये, म्हणून सत्यभामेला नुसते ऐकायला बसवले होते. कलम चार ऐकून ती म्हणाली, "मेल्यावर कशाला? फोन हाय की."

साक्षीदारांसमोर फोन लावला. चूक तुझ्या आईची नव्हती, माझी होती, एवढं शिवांजलीला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, पाट पाण्यात ठिवून बघितला का?"

"तुझ्या आईनं बघितला."

"आईनं व्हय? मग घिऊन या."

सबब कलम चार रद्द. पाट मी स्वतः उद्या परंड्याला तिच्या सासरी पोचवणार आहे. बाकी कलमे माझ्यामागे जशीच्या तशी पाळावीत.

सही: उत्तरेश्वर माणिकराव पांचाळ

साक्षीदार, ज्यांनी वरील सर्व डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले:
१. गुरुप्रसाद दीक्षित, शिक्षक
२. अमरनाथ लोंढे, शेजारी

तामलवाडी, दि. ९ फेब्रुवारी २०२५