वहिनींचा वारंगुळा

जिनिव्हा,
श्रावण लागायच्या बेतात (तिथी नक्की सांगता येत नाही, इथल्या कॅलेंडरवर गाई आहेत, डोंगर आहेत, तिथी तेवढी नाही)

सौ. दैवशालावहिनी यांना धाकटी नणंद श्रीदेवी हिचा लांबूनच पायांवर डोकं ठेवून शरणार्थ. अण्णांनाही सांगावा. मी इकडे सुखरूप आहे, दोन वेळा जेवते, नोकरी शाबूत आहे.

आता रीतीप्रमाणे तुमची तब्येत कशी आहे असं विचारायला हवं. पण विचारणार नाही, कारण तुम्ही खरं सांगत नाही. गेला महिनाभर मी फोनवर जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा तुम्ही "काय न्हाय गं, समदं बरं हाय, तूच जप, तिकडं थंडी लई" एवढं बोलून फोन ठेवलात. (इथं सध्या उन्हाळा आहे आणि परवा आमच्या लिफ्टजवळ एक गृहस्थ उकाड्यानं चक्कर येऊन पडले. असो.) एकदा मागून कुणीतरी मोठ्यानं नावं पुकारत होतं, तर तुम्ही म्हणालात लोहाऱ्याच्या बाजारात आलेय, आणि मी येडी, माझ्या वाटणीची भजी खा म्हणाले. तुम्ही तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात खाटेवर होता, पिशवीचं ऑपरेशन झालेलं, आणि नर्स पेशंटची नावं पुकारत होती. हे मला प्रीतीनं सांगितलं. तिला रागावू नका, तुमचीच पोरगी आहे, तिच्या पोटात राहिलं नाही. फोन तुम्ही तोडता म्हणून हे पत्र. पत्र मधेच तोडता येत नाही, आणि वाचायला तुम्ही, सुट्टीला घरी आली की, प्रीतीलाच बसवणार, म्हणजे ती काही गाळणार नाही.

मी रागावलेली नाही. आम्ही आंतरराष्ट्रीय संस्थेतली माणसं रागावत नाही, तीव्र चिंता व्यक्त करतो. तर मी तीव्र चिंता व्यक्त करते. चिंता ऑपरेशनची नाही, ते नीट झालं, डॉक्टरांनी वाकू नका, उचलू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही दोन्ही चोरून करता, तेही प्रीतीनं सांगितलंय. चिंता आहे ती वारंगुळ्याच्या फेडीची. म्हाळसाबाईच्या टोळीतल्या बायका आपल्या रानात आल्या, सगळं सोयाबीन खुरपून दिलं, आणि त्यांच्या रानात जायची तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही दवाखान्यात. तुम्हाला म्हणे टाक्यांपेक्षा ह्याचाच घोर लागलाय. रोजानं बाई लावून पाठवावी तर म्हाळसाबाई ऐकत नाही (मजुरीची बाई पाठवली तर तो वारंगुळा कसला, हे तिचं बरोबरच आहे), आणि तुम्ही प्रीतीला म्हणालात, "घरात दुसरं बाईमानूस न्हाय, मी काय करू?" प्रीती लातूरला कॉलेजात, ते ठीक. पण घरात दुसरं बाईमाणूस नाही म्हणजे काय, वहिनी? मग मी कोण आहे?

हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलंय की ऑफिसात बसून मी त्याच त्या पानाकडे बघत राहते. ते का लागलं हे कळायला माझी इथली फजिती सांगावी लागेल. जरा टेकून बसा.

माझं काम काय आहे ह्याबद्दल अण्णांनी लोहाऱ्यात काहीतरी भलतंच पसरवलेलं आहे. मी श्रम बाजार धोरणतज्ज्ञ आहे, म्हणजे कोणत्या देशात कुणाला काम मिळतं, कुणाला मिळत नाही, कशामुळं, आणि सरकारनं काय करावं, हे लिहिते. सरकार ते वाचतं का, हे लिहिणं माझ्याकडे नाही. अण्णा मात्र तहसीलसमोरच्या हॉटेलात सांगतात की बहिणीच्या सहीनं जगभर नोकऱ्या लागतात. त्यामुळं मला तालुक्यातून मुलांचे बायोडाटा येतात. एका काकांनी तर मुलाच्या मार्कमेमोबरोबर कुंडलीही पाठवली (बहुधा दोन्ही कामं एका टपालात उरकावीत म्हणून). मी सगळ्यांना उत्तर लिहिते. पण खरं सांगू का, दुसऱ्यांच्या कामाबद्दल एवढं लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या हातानं केलेलं काही दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही. म्हणूनच इथं आल्याआल्या मी एक उद्योग करून बसले.

झालं असं की ऑफिसातली एस्थर घर बदलत होती. एस्थर हंगेरीची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, कमी बोलते. मी न बोलावता सकाळीच गेले आणि तिची खोकी, गाद्या, एक पियानोसारखं दिसणारं पण पियानो नसलेलं कपाट, सगळं जिन्यावरून वर चढवलं. ती आ वासून बघत राहिली. मग मातेओ म्हणून अर्जेंटिनाचा एक आहे, त्याच्या पोरीची खोली रंगवून दिली. पुढं एस्थरला बाग मिळाली, तिथं खुरपायला गेले. मी कुणाला काही बोलले नाही. आपल्याकडे बोलतात का? तुम्ही म्हाळसाबाईला कधी म्हणालात का की बाई, मी तुझ्या रानात आले होते, आता तू ये? तसं बोलून दाखवण्यासारखा दुसरा अपमान नाही. दिवस फिरून येतात, माणसं आपोआप येतात. मी मनात म्हणाले, चला, इथंही आपला वारंगुळा जमला. परदेशात मला आता माणसं आहेत.

मग माझं घर बदलायची वेळ आली. ऑफिसात जेवताना मी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी, तारीख सांगितली. सगळे म्हणाले, वा वा, शुभेच्छा. आदल्या दिवशी मी भाकरी थापल्या (ज्वारीचं पीठ गावाच्या दुसऱ्या टोकाला एका श्रीलंकेच्या दुकानात मिळतं, औषधासारखं पुडीत), पातेलंभर पिठलं केलं, शेंगाची चटणी कुटली, ठेचा केला. कामाला आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? रानात जिची तिची भाकरी फडक्यात असते, इथं कोण बांधून आणणार? सकाळी नवी साडी नेसून, पदर खोचून दारात उभी राहिले. वहिनी, कुणी आलं नाही. दुपारपर्यंत मी खोक्यांवर बसून होते. दर वेळी लिफ्ट वाजली की मी उठायची, शेजारची म्हातारी कुत्र्याला घेऊन बाहेर पडायची आणि मला नमस्कार करायची. शेवटी कंपनीला फोन करून दोन माणसं बोलावली, त्यांनी तासावर काम केलं. त्यांना जेवायला वाढलं तर त्यातला एकजण घाबरला, म्हणाला कामाच्या वेळेत जेवलो तर पगार कापतील. मी त्याला कामगार कायद्याचं कलम सांगितलं, तेव्हा कुठं जेवला. माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा एखाद्या कामगाराला झालेला हा पहिला प्रत्यक्ष फायदा. दुसऱ्यानं ठेचा मागून घेतला आणि नंतर बराच वेळ जिन्यात बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाच्याच मनात काही नव्हतं. एस्थरनं प्रेमानं विचारलं, घर लागलं का? तेव्हा माझ्या लक्षात आलं. खोकी चढवून झाल्यावर तिनं मला चॉकलेटचा डबा आणि आभाराचं कार्ड दिलं होतं. मातेओनंही दिलं होतं. मी खुळी, डबे खाऊन बसले! त्यांच्या हिशेबी 'थँक यू' म्हटलं की विषय संपला. आपल्याकडे मेलं कुणी कुणाला थँक यू म्हणतच नाही, म्हणून विषय चालू राहतो, आजीच्या फेडीला नात जाते. ही माणसं वाईट नाहीत हो. मी बोलावलं असतं तर धावत आली असती. पण बोलवावं लागणं आणि येणं ह्यात फरक आहे, आणि तो फरक मला इथं कुणालाच सांगता येत नाही. त्या घरात पहिले काही दिवस मी पिठलंच खात होते, आणि खाताखाता रडतही होते.

त्या तिरीमिरीत मी माझ्या अहवालात वारंगुळा घुसवला. ग्रामीण महिलांच्या रोजगारावरचा अहवाल, त्यात चांगलं लांबलचक लिहिलं. त्यावर बैठक बसली. आमचे साहेब फिनलंडचे, अतिशय सज्जन, एखादा शब्द बोलण्याआधी त्याची विचारपूस करणारे. त्यांनी विचारलं, ही मजुरी का? म्हटलं नाही, पैसे नसतात. मग सेवाभावी काम? म्हटलं छे, फेड केली नाही तर पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग स्वयंरोजगार? म्हटलं, रान दुसऱ्याचं. शेवटी एकानं सुचवलं, 'इतर'मध्ये टाका. मी उभी राहिले. म्हाळसाबाईला 'इतर'मध्ये टाकायची छाती असलेला माणूस मी आजवर बघितलेला नाही. तेव्हा साहेबांनी खरा प्रश्न काढला: एखादी बाई आजारी पडली आणि तिला फेड करता आली नाही, तर? आणि वहिनी, मी अगदी मान ताठ करून सांगितलं की त्याची सोय आहे, घरातलं दुसरं बाईमाणूस जातं, जाऊ जाते, नणंद जाते. (इंग्रजीत वहिनी, नणंद, जाऊ, मेहुणी सगळ्यांना एकच नाव असल्यामुळं साहेबांना बराच वेळ वाटत होतं की आजारी पडणारी बाई आणि तिच्या बदली जाणारी बाई एकच.) समजल्यावर ते खूश झाले. ही तर उत्तम सामाजिक सुरक्षा आहे म्हणाले, लिहून घेतलं. मीही खूश. त्याच आनंदात संध्याकाळी प्रीतीला फोन लावला, आणि तिनं मला सगळं सांगितलं.

म्हणजे मी तिथं नणंद जाते, नणंद जाते म्हणून जगाला सांगत होते, आणि इकडे नणंदेला कुणी आवाजच दिला नव्हता. तुम्हाला मी आठवलेच नाही. किंवा आठवले असेन, पण देव्हाऱ्यातल्या फोटोसारखी. मागच्या खेपेला आले तेव्हाही तेच. मी रानात येते म्हटलं, तर तुम्ही चपला लपवून ठेवल्या. "तू बस, उन्हात कशाला करपतीस, तुझं काम डोक्याचं," म्हणालात. ओटी भरली, साडी नेसवली, पंख्याखाली बसवलं, आणि खुरपं घेऊन निघून गेलात. मी ओसरीवर बसून तुम्हा बायकांचा आवाज लांब जाताना ऐकत होते. कुणाला तरी चिडवत होतात, सगळ्या हसत होतात. त्या हसण्यात मला जायचं होतं, वहिनी. मी शाळेत असताना तुम्ही लग्न होऊन आलात, माझे केस विंचरलेत, मला घेऊन रानात जात होतात. दुपारी बायका लिंबाखाली भाकरीची फडकी सोडायच्या, कुणाच्या भाकरीवर कुणाची भाजी पडायची, आणि म्हाळसाबाई मला, आपण बामण नसताना, म्हणायची, "ए बामनाच्या मैने, हात हलीव." तशी जगात मला कुणी शिवी देत नाही आता. सगळे मॅडम म्हणतात, आभार मानतात. मला तुमची, त्या रानाची, त्या शिवीची फार आठवण येते. इतकी येते की ती कुठल्याच अहवालात मावत नाही.

असो. काळजी घ्या, वाकू नका, अण्णांना पाणी हातानं घेऊन प्यायला शिकवा. घरातल्या मोठ्यांना शरणार्थ, प्रीतीला पापा.

तुमची,
श्रीदेवी

ता.क. सुट्टी मंजूर झाली आहे आणि तिकीट काढलेलं आहे. पत्राआधी मीच पोहोचू नये एवढीच भीती. सुट्टीच्या अर्जावर कारण 'कौटुंबिक जबाबदारी' लिहिलं. साहेबांनी कोणती विचारलं, मी खरं ते सांगितलं, वहिनींचा वारंगुळा फेडायचाय, त्यांनी सही केली. अण्णांना जीप घेऊन पाठवू नका, मी एसटीनं लोहाऱ्याला उतरेन. आणि नको येऊ म्हणायला फोन करू नका, तिकीट परत होत नाही. (होतं. पण मी करणार नाही.)

ता.ता.क. वर एस्थरच्या बागेत खुरपायला गेले असं लिहिलंय, ते खरं आहे. काय खुरपलं ते लिहिलं नाही. तिनं हौसेनं लावलेली सगळी रोपं मी उपटली आणि गवत फार निगुतीनं राखलं. आभाराचं कार्ड त्याबद्दलही मिळालं. तेव्हा म्हाळसाबाईला आधीच सांगून ठेवा की माझा अख्खा दिवस तिनं अर्धाच धरला तरी माझी हरकत नाही, पण धरावा.

शेवटचं. मी रागावलेली नाही हे खोटं होतं. पण त्याचं काय ते आल्यावर बघू. आत्ता एकच सांगा. पूर्वी ओळीनं खुरपताना एखादीची पात मागं राहिली, की पुढं गेलेल्या बायका आपली पात संपवून माघारी यायच्या आणि तिच्या समोरून खुरपत खुरपत तिला गाठायच्या. कुणी बोलवायचं नाही. माझी पात तर पहिल्या दिवसापासून मागंच राहणार आहे. अजून येतात का हो माघारी?